नेमाचा टेकू

पनवेलहून गोव्याकडे निघालेला महामार्ग दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याच्या जंगलातून जातो. वर किल्ल्याचा सुळका, खाली दाट झाडी आणि त्या झाडीत पाखरांच्या सोबतीने राहणारं भेकर. 1968 साली इथे पक्षी अभयारण्य झालं आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीवर कडक बंधनं घातली. त्याच पनवेलमध्ये रायफलचा नेम मात्र नव्याने रुजला. नेमबाज सुमा शिरूर यांनी 2006 साली लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला आणि कर्नाळा स्पोर्ट्‌स अकादमीच्या रेंजवर मुलंमुली रायफल धरायला शिकू लागली. हरणाच्या वाटेवर बसलेल्या शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जी विद्या कमावली, ती आता अशा रेंजवर नांदते. बंदूक हलू न देण्याची ही विद्या.

बंदुकीचा इतिहास सांगताना दारूचं, नळीचं, गोळीचं बोललं जातं. नळीखाली काय होतं, हे कोणी फारसं विचारत नाही. मला तर खरी गोष्ट तिथेच आहे असं वाटतं. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण 1 मीटर अंतर धरा. टोक 1 मिलिमीटर ढळलं की 100 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा जेमतेम वीतभर. तेवढ्यावर गोळी लागली तर जनावर थोड्याच वेळात कोसळतं. थोडी चुकली तर पोट किंवा पाय फुटून ते रानात पळतं आणि तासन्‌तास तडफडून मरतं. जनावराचे हाल होऊ नयेत असं ज्याला वाटलं, त्या प्रत्येक शिकाऱ्याला टेकू शोधावाच लागला.

तोड्याच्या बंदुकीला तर टेकूवाचून चालणारच नव्हतं. एक तर ती जड. शिवाय चाप ओढल्यावर पेटता तोडा खाली झुकणार, कानाशी ठेवलेली बारीक दारू भडकणार, ती आग छिद्रातून नळीत शिरणार आणि मग कुठे बार होणार. हा मधला क्षण फार घातक. डोळ्यांसमोर भपका उडतो, मान आपोआप मागे जाते आणि गोळी अजून नळीतच असते. तेवढा वेळ बंदूक जागची हलू द्यायची नाही, हे माणसाच्या नुसत्या हाताला पेलत नव्हतं.

युरोपात सोळाव्या शतकातल्या जड मस्केटबरोबर शिपाई एक उंच काठी बाळगत. तिच्या डोक्यावर लोखंडी बेचकं असे आणि त्यात नळी टेकवून बार काढायचा. याकोब द गाइन या डच चित्रकाराने 1607 साली कवायतीचं एक चित्रमय पुस्तक काढलं, त्यात हे बेचकं कसं धरायचं आणि कसं सावरायचं ते पायरीपायरीने दाखवलं आहे. पुढे मस्केट हलकी झाली आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेचकं मागे पडलं. फौजेला ते नकोसंच होतं. रांगेत उभं राहून समोरच्या रांगेवर गोळ्या झाडायला नेम लागतोच किती!

नेम लागतो तो शिकारीला, म्हणून शिकाऱ्यांनी टेकू सोडला नाही. तिबेटातल्या तोड्याच्या बंदुकीला पुढच्या बाजूला दोन लांब पाय कायमचे जोडलेले असत. चालताना ते नळीला समांतर राहत आणि बसून नेम धरताना खाली उलटून जमिनीत रोवले जात. त्या पायांच्या टोकांना चिरू या पठारी हरणाची शिंगं बसवत. ज्या जनावराच्या शिकारीसाठी टेकू घ्यायचा, त्याच्याच शिंगांवर नळी तोलायची.

मुघल दरबारात टेकू माणसाचा होता. शाहजहानच्या काळातल्या शिकारीच्या चित्रांत बादशहा खाली बसून नेम धरतो आणि लांब नळी पुढे बसलेल्या सेवकाच्या खांद्यावर विसावलेली दिसते. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं आपण वाक्प्रचारात ठेवलं आहे. तिथे ती शिकारीची रीत होती. ही चित्रं पाहताना माझी नजर काळविटाकडे जात नाही, बादशहाकडेही नाही. ती त्या सेवकाकडे जाते. त्याच्या कानाशेजारी बार होणार, आणि तोवर त्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. नेमबाजीच्या इतिहासात त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, पण अचूक लागलेल्या गोळीतला अर्धा वाटा त्याचा होता.

सह्याद्रीत हेच काम दगडाने केलं. आपल्या किल्ल्यांच्या तटाबुरुजांत खाली उतरती भोकं ठेवलेली असतात, त्यांना जंग्या म्हणतात. आत दडलेल्या बंदूकवाल्याला त्यातून आडोसा मिळतो, हे सगळे सांगतात. पण जंगीच्या दगडी कडेवर नळीला आधार मिळतो आणि वाटेवर नेम धरून कितीही वेळ थांबता येतं, हेही तितकंच मोलाचं. तटावरच्या जेजालेसारख्या लांब, भारी बंदुका तर टेकूशिवाय उडवताच येत नसत.

कोकणातल्या रानांत ठासणीची बंदूक फार उशिरापर्यंत टिकली. एकदा बार काढला की पुन्हा दारू ओता, डगळी ठासा, छर्रे भरा, केप लावा; तोवर जनावर डोंगरापलीकडे. म्हणून पहिलाच बार लागला पाहिजे. हाकारे रान उठवत यायचे आणि बंदूकवाला मोक्याच्या जागी झाडाला टेकून, खोडाच्या बेचक्यात बंदूक ठेवून किंवा मांडीवर कोपर रोवून बसायचा. इथे अनुभवाने एक गोष्ट पक्की झाली, ती आजही खरी आहे. नळी कधीही सरळ दगडावर किंवा लाकडावर टेकवायची नाही. बार होताना गोळी नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक हादरू लागते. खाली कठीण वस्तू असेल तर नळी तिच्यावरून उसळते आणि गोळी भलतीकडे जाते. टेकवायचा तो दस्त्याचा पुढचा भाग, आणि मध्ये आपला तळहात, दुमडलेलं घोंगडं किंवा टोपी घालायची. टेकू घट्ट हवा, पण त्यावर काहीतरी मऊ हवं.

एकोणिसाव्या शतकात नळीत आटे पाडलेल्या रायफली फौजेच्या हातात आल्या आणि प्रश्न पालटला. आता 800-900 यार्डांवर गोळी पोहोचत होती. तिच्या मानाने माणूस फार थरथरत होता. 2 जुलै 1860 रोजी लंडनजवळ विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन केलं. रायफल घडवणाऱ्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी आपली रायफल एका यांत्रिक बैठकीवर आधीच नेम लावून घट्ट बसवली होती. राणीने रेशमी दोरी ओढली आणि 400 यार्डांवरच्या फळीवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. माणूस वगळला तर रायफल काय करू शकते, ते त्या दिवशी सर्वांनी पाहिलं. तिथून पुढची सगळी नेमबाजी म्हणजे माणसाने स्वतःच तशी बैठक होण्याचा प्रयत्न आहे.

त्यासाठी सापडला तो पट्टा. रायफलचा पट्टा मुळात खांद्याला अडकवायचा. चालताना हात मोकळे राहावेत, एवढंच त्याचं काम. शिकाऱ्यांच्या आणि शिपायांच्या लक्षात आलं की तोच पट्टा दंडाभोवती अडकवून ताणला, तर दंड, कोपर आणि रायफल यांचा एक पक्का त्रिकोण तयार होतो. अमेरिकेच्या सैन्याने 1907 साली चामड्याचा असा पट्टा स्वीकारला की ज्याचा फास वेगळा काढून दंडावर चढवता येई.

या पट्ट्याची करामत मला मनापासून थोर वाटते. आडवं पडून, डावं कोपर रायफलच्या जवळजवळ खाली आणून पट्टा ताणला की वजन स्नायूंवर राहत नाही, हाडांवर उतरतं. स्नायू थकतो, थकला की कापतो. हाड थकत नाही. नेमबाज मग एक चाचणी करतो. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी बिंदूपासून सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही. पोटाखालचा टेकूच चुकला आहे, तेव्हा कोपर जागेवर ठेवून सगळं शरीर फिरवून घ्यायचं. नंतर श्वास निम्मा सोडायचा, थांबवायचा आणि त्या काही सेकंदांत चाप दाबायचा. पट्टा दंडावर चुकीच्या जागी बसला तर धमनीची नाडी त्यातून रायफलपर्यंत पोहोचते आणि प्रत्येक ठोक्याला माशी उडताना दिसते. स्वतःचं काळीज इतक्या स्पष्टपणे डोळ्यांनी दिसण्याची जागा दुसरी नसेल.

शिकार आणि खेळ यांच्यामधला दुवा ऑलिंपिकमध्येच होता. 1908 च्या लंडन ऑलिंपिकपासून धावत्या हरणाची स्पर्धा होती: सुमारे 100 मीटरवर रुळावरून हरणाची आकृती सरकायची आणि 4 सेकंदांत दिसेनाशी व्हायची. स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी साठाव्या वर्षी त्यात सुवर्णपदक मिळवलं आणि 1920 मध्ये बहात्तराव्या वर्षी रौप्य. ही आकृती ऑलिंपिकमध्ये शेवटची धावली 1956 साली.

आपल्याकडे ही विद्या फार काळ राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या अंगणात अडकली. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणं बंद झालं. सामान्य माणसाला रायफल पुन्हा हातात घेता यावी म्हणून 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. आजही नेमबाज मुलं ‘मावळंकर खेळायचंय’ असं म्हणतात, तेव्हा ती त्यांच्या नावाच्या राष्ट्रीय पूर्वस्पर्धेबद्दल बोलत असतात. पुढे एनसीसीने कॉलेजच्या मुलामुलींना सतरंजीवर आडवं पाडलं आणि पॉइंट टू-टू रायफल हातात दिली. मुंबईच्या कीर्ती कॉलेजातून अंजली वेदपाठक, म्हणजे नंतरच्या अंजली भागवत, अशाच आल्या आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून जगज्जेतेपद आणलं. हे यश आडवं पडून, पट्टा ताणून मिळवलेलं.

उभ्याने मारायच्या प्रकारात मात्र नियम पट्टाही काढून घेतो. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, पाठ मागे कलवून रायफलचं वजन पायांवर आणायचं आणि शरीराच्या बारीक झोक्यातला शांत क्षण पकडायचा. सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत अशाच स्थितीत 40 गोळ्यांत 400 पैकी 400 गुण घेतले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिन्ही स्थितींच्या रायफल प्रकारात 451.4 गुणांनी कांस्य मिळवलं तेव्हा गुडघ्यावर बसून झाल्यावर ते सहावे होते, आडवं पडून झाल्यावर पाचवे. पदकापर्यंत चढले ते उभे राहून, कुठलाही टेकू नसताना.

सुमाताईंची शिष्या अवनी लेखरा हिने टोकियोत 249.6 आणि पॅरिसमध्ये 249.7 गुणांनी पॅरालिंपिक सुवर्ण मिळवलं, ते व्हीलचेअरवर बसून. अपघातात कण्याला इजा झालेल्या मुलीला पायांचा टेकू नाही. खांदे, बरगड्या आणि श्वास यांच्यावरच सगळा तोल तिला नव्याने मांडावा लागला. ज्या खेळाडूंच्या हातांना रायफलचं वजन पेलत नाही, त्यांच्या गटात नळीखाली स्प्रिंगची बैठक वापरायला परवानगी आहे.

टेकू कुठे संपतो आणि शरीर कुठे सुरू होतं, यावर या खेळात सतत नियम बदलत असतात. रायफल नेमबाजांचं कॅनव्हास-चामड्याचं जॅकेट पूर्वी इतकं कडक शिवलं जाई की ते पाठीला सावरून धरी. आता त्याच्या कापडाची जाडी 2.5 मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही, कडकपणा यंत्राने तपासतात आणि तपासणीत नापास झालेलं जॅकेट घालून खेळता येत नाही. माझ्या मते हा नियम आणखी कडक व्हायला हवा. चांगलं जॅकेट महाग असतं आणि गावाकडून उसनी रायफल घेऊन मावळंकर खेळायला येणाऱ्या पोरांना ते परवडत नाही. त्यांच्याकडे हाडं आहेत, श्वास आहे; स्पर्धा तेवढ्यावरच व्हावी.