टोक डोंगर आणि धरणबांधणाऱ्याचा मुलगा

पावसाळा तोंडावर आला की डोंगराकडेच्या वस्त्यांवरच्या बायका आम्हाला एकच विचारतात, "डोंगर खाली येणार हे आधी कळतं का हो?" ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली, तेव्हापासून तर फारच. म्हणून आज आम्ही एका भूशास्त्रज्ञाची हकीकत सांगणार आहोत. त्याला आधी कळलं होतं.

ही हकीकत इटलीची. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात वायोंत नावाची नदी आहे. दरी एवढी अरुंद की समोरासमोरचे कडे जणू एकमेकांना टेकायला आलेत. वीज तयार करणाऱ्या एका कंपनीने तिथे २६१ मीटर उंचीचं धरण बांधायला घेतलं. आपल्या कोयनेच्या धरणाच्या दुपटीहून उंच. कामाचे प्रमुख इंजिनिअर होते कार्लो सेमेंझा. शेजारच्या डोंगराचं नाव टोक. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ कुजका, भुसभुशीत असा लावतात. गावकऱ्यांचा त्या डोंगरावर कधीच भरवसा नव्हता. अशी नावं उगाच पडत नाहीत. आपल्याकडेही शिवाराची जुनी नावं एकदा विचारून बघा.

१९५९ साली कार्लो यांचा मुलगा एदोआर्दो सेमेंझा दरीत आला. हा भूशास्त्रज्ञ. काठकाठाने पायी फिरायचं, खडकाचे थर बघायचे, नकाशावर उतरवायचं, हे त्याचं काम. नदीच्या पलीकडच्या काठावर त्याला एक सुटी टेकडी दिसली. तिचे थर समोरच्या टोक डोंगराच्या थरांशी जुळत होते, आणि ती बसली होती नदीच्या वाळूगोट्यांवर. आता खडक वाळूगोट्यांच्या वर कसा येईल? वरून घसरत आला तरच. शिवाय टोकच्या पायथ्याशी भरडल्यासारखा चुरा झालेल्या खडकाचा पट्टा होता. त्याने ताडलं, फार पूर्वी इथे प्रचंड दरड उतरली, नदीने ती मधून कापली, आणि तिचा मोठा हिस्सा अजून टोकच्या उतारावर तसाच बसलेला आहे. पायथ्याशी पाणी चढलं तर तो पुन्हा हलेल. जून १९६० मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने हे लेखी दिलं. लिहिलं ते बापाच्या धरणाविषयी! आम्हाला त्याच्या हुशारीपेक्षा या धाडसाचं जास्त वाटतं.

जुन्याजाणत्यांना ते पटलं नाही. पाणी भरायला तर सुरुवात झालेलीच होती. ४ नोव्हेंबर १९६० ला सुमारे सात लाख घनमीटर दरड जलाशयात कोसळली आणि वर डोंगरावर दोन किलोमीटर लांब भेग पडली. आता सगळ्यांनाच दिसलं. मुलर या ऑस्ट्रियन तज्ज्ञाने हलणारा भाग २० कोटी घनमीटरचा असल्याचा अंदाज दिला. पण कंपनीने ठरवलं, पाणी हळूहळू चढवू, उतरवू, म्हणजे डोंगर बेताबेताने सरकेल. १९६१ मध्ये कार्लो वारले. मरणाआधी एका जुन्या गुरूंना त्यांनी कळवलं होतं की प्रकरण आता आपल्या आवाक्याबाहेरचं दिसतंय.

याच काळात एक बाई लिहीत होती. तीना मेर्लिन. शेतकऱ्याघरची, लहानपणी शहरात घरकाम केलेली, पुढे वार्ताहर झालेली. येर्तोच्या गावकऱ्यांची भीती तिने पेपरात मांडली. त्याबद्दल तिच्यावर खोट्या, घबराट पसरवणाऱ्या बातम्यांचा खटला भरला. कोर्टाने १९६० मध्ये तिला निर्दोष सोडलं.

१९६३ च्या सप्टेंबरात डोंगराचं सरकणं वाढलं. झाडं कलली, रस्त्यांना तडे गेले. घाईघाईने पाणी उतरवायला घेतलं, पण डोंगर थांबेना. ९ ऑक्टोबरला रात्री पावणेअकराच्या सुमारास सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर मिनिटभराच्या आत जलाशयात उतरला. पाणी उसळून धरणावरून पलीकडे पडलं आणि खालचं लोंगारोने गाव धुऊन नेलं. जवळजवळ दोन हजार माणसं गेली. धरणाची भिंत मात्र टिकली, ती आजही उभी आहे.

एदोआर्दो पुढे फेर्रारा विद्यापीठात प्राध्यापक झाला, पण वायोंत त्याच्या मागून सुटलं नाही. डोंगर इतक्या वेगाने का आला, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. १९८५ मध्ये दोघा अमेरिकी अभ्यासकांनी दाखवलं की चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पदर होते. ओल्या चिखलावर पाय कसा सटकतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. तीनाने आपलं पुस्तक १९८३ मध्ये छापून आणलं. एदोआर्दोचं आलं २००१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. त्यात त्याने सगळं क्रमाने मांडलंय, आपण कुठे फिरलो, कोणता थर कुठे पाहिला आणि कुणाला कधी कळवलं.