बँट्रीची होडी

जुनी होडी जपावी कशी? १७९६ च्या डिसेंबरात आयर्लंडच्या बंडखोरांना कुमक घेऊन आलेले फ्रेंच आरमार बँट्रीच्या उपसागरात वादळाने उधळले. मागे राहिली ३८ फुटी, दहा वल्ह्यांची एक होडी. शंभराहून अधिक वर्षे ती तिथल्या जमीनदाराच्या वाड्यात पडून होती. १९४४ साली डब्लिनच्या संग्रहालयाकडे गेली.

तिथे ती सुरक्षित झाली खरी, पण पाण्याला पारखी झाली. मग अमेरिकेत रॉकपोर्टला लान्स ली यांच्या हाताखालच्या शिकाऊ मुलांनी तिच्याच मापाबरहुकूम होड्या बांधल्या. १९८६ साली अमेरिकन व फ्रेंच तरुणांनी त्या वल्हवल्या. युद्धाला निघालेली होडी अशी मैत्रीच्या कामी आली.

फळी कधीतरी कुजणारच. विद्या मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेली, की होडी तरलीच म्हणायची!