दुसरा सीझन कोणाचा?

मार्च 2015 मध्ये माझे दहावीचे पेपर चालू होते आणि तेव्हाच झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' सुरू झाली. रात्री साडेदहाला. चाकूरला एवढ्या उशिरापर्यंत जागे असायचे ते अभ्यास करणारे, नाहीतर रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला शेतात निघालेले. मी अभ्यासाचं निमित्त करून टीव्हीसमोर बसायचो. आईही बसायची.

मुंबईत 'माजघर' नावाचं घर. नवऱ्याच्या आयुष्यात आधीच दुसरी बाई आहे हे कळल्यावर नवी नवरी रेश्मा तिथं येते आणि बाकीचे तिला सांभाळून घेतात. सासूची कारस्थानं नाहीत, दागिने घालून झोपणाऱ्या सुना नाहीत. पोरंपोरी एका घरात राहतात हे आईला पटत नव्हतं. पण रेश्माची काळजी वाटायची, म्हणून बघायची.

जूनमध्ये मी अकरावीला लातूरला गेलो. रूमवर टीव्ही नव्हता. घरचा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा आणि मालिका दर रविवारी फोनवर. आठवड्याचे सगळे एपिसोड आई दहा मिनिटांत सांगायची, नको ते गाळून. माझा रूममेट नळेगावकडचा. तो म्हणायचा, "स्पीकरवर टाक की." मग दोघं ऐकायचो.

आता वाटतं, आई नकळत त्या मालिकेचं दुखणं दुरुस्त करत होती. डेली सोपला शेवट नसतो. टीआरपी आहे तोवर ताणायची, अडलं की लीप घ्यायचा. तरुण पोरांच्या गोष्टीला हे मानवत नाही, कारण त्या वयालाच शेवट असतो. बारावी होते, बॅच पांगते. मग मालिकेनं काय करायचं?

जिथं तिथं याची वेगवेगळी उत्तरं निघाली. सोनीवर 1996 ला सुरू झालेल्या 'जस्ट मोहब्बत'मध्ये जय मोठा झाला तसा नटच बदलला. लहानपणी हर्ष लुनिया, पुढं वत्सल सेठ. ब्रिटनच्या 'स्किन्स'नं 2007 पासून ब्रिस्टल शहर तेच ठेवलं, पण दर दोन सीझननंतर जवळपास सगळी पोरं बदलली. म्हणजे अगदी लातूर. कॉलेज तेच, क्लास तेच, बॅच नवी. नॉर्वेच्या 'स्कॅम'नं (2015 ते 2017) आणखी वेगळं केलं. मित्रमंडळी तीच, पण दर सीझनला मुख्य पात्र दुसरं. पहिल्या सीझनमध्ये जो कोपऱ्यात उभा दिसतो, तिसरा सीझन त्याचा.

आपल्या मालिकेनं निराळाच डाव टाकला. 20 फेब्रुवारी 2016 ला, वर्ष पूर्ण व्हायच्या आतच, ती संपली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेवट सांगताना आई मध्येच गप्प झाली. वर्षभरानं, फेब्रुवारी 2017 मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' आली. अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पुष्कराज चिरपुटकर, पूजा ठोंबरे, चेहरे तेच. पण पात्रं नवी, नावं नवी, जागा एक रेस्टॉरंट. 'स्किन्स'नं जागा राखून माणसं बदलली होती, इथं माणसं राखून सगळी गोष्ट पुसली. आई वैतागली, "ही रेश्मा आता रेश्माच नाही म्हणती."

त्या दोन मालिकांच्या मधल्या वर्षात आमच्या रूमचंही काही संपलं. 2016 चा उन्हाळा. नळाला पाणी नाही, टँकरपुढं घागरींच्या रांगा. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिलला लातूरला आली. घरमालक म्हणाले, पोरांनो, आता गावाकडं जा. क्लासनं सुट्टी दिली. आम्ही गाद्या गुंडाळल्या आणि स्टँडवर एकमेकांना "ये मग" म्हणून निघालो. जूनमध्ये मी परत आलो, तो आलाच नाही. त्याच्या घरी बैलं विकली होती, फीला पैसे नव्हते. मालिकेत कोणी घर सोडून चाललं की निरोपाचा एपिसोड असतो, सगळे रडतात. आमच्याकडं त्याच्या कॉटवर दुसऱ्या पोराची गादी आली. आठ दिवसांत मलाही सवय झाली.

आमच्या रूमची मालिका काढली असती तर बहुतेक ती माझ्यामागं बारावीत गेली असती, कारण मी लातूरला राहिलो. 'स्कॅम'च्या हिशेबानं दुसरा सीझन त्याचा व्हायला हवा होता. सीझन कुठं तोडायचा हे ठरवलं की कोणाची गोष्ट संपली हेही ठरून जातं.

2017 च्या मे महिन्यात, बारावीची परीक्षा झाल्यावर, तो चाकूरला भेटला. खताच्या दुकानात कामाला होता, अंगाला युरियाचा वास. काय बोलावं सुचेना म्हणून मी विचारलं, "दोबारा बघतोस का?"

"बघतो की. बरं केलं त्यांनी," तो म्हणाला. "तोंड तेच, नाव नवं. परत पहिल्यापासून सुरू. आपल्याला कोण देतंय तसं?"

घरी येऊन आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, "जेवायला का नाही आणलास त्याला?"