नीतिमत्त्व, दया आणि द्राक्षमळ्यातला रोज

मंडळी, मत्तयकृत शुभवर्तमानाचा विसावा अध्याय तासगावात वाचायचा म्हणजे एक सोय असते. द्राक्षमळा इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तोडणीच्या दिवसांत माणसं कशी मिळवावी लागतात, रोज कसा ठरतो, हे आपण जाणतो.

त्या दृष्टांतातला मालक पहाटेच मजूर ठरवतो. रोज एक दिनार, म्हणजे तेव्हाची दिवसाची मजुरी. मग आपल्या घड्याळानं नऊला, बाराला, तीनला आणखी माणसं नेतो. पाचला पाहतो तर बाजारात काहीजण अजून उभेच, कुणी कामाला लावलेलंच नाही. तेही जातात. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार! पहाटेचे चिडतात. आपणही चिडलो असतो, खोटं कशाला बोला.

पहिल्यांना न्याय मिळाला, शेवटच्यांवर दया झाली, असं आपण सहज म्हणतो. पण मूळ ग्रीक बघा. नऊच्या मजुरांना मालक म्हणतो, जे 'दिकायोन' असेल ते देईन. दिकायोन म्हणजे न्याय्य. मराठी बायबल ज्याला 'नीतिमत्त्व' म्हणतं, त्या 'दिकायोसिने'च्याच कुळातला हा शब्द. 'दया' हा शब्द मात्र गोष्टीत कुठंही नाही. घरी चूल पेटेल एवढं देणं हेच या मालकाच्या लेखी न्याय्य होतं, असं आम्ही मानतो.

याची मुळं हिब्रू शास्त्रात आहेत. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात नियम आहे: गरिबाचं गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्यास्ताला परत करा, ते तुमचं 'त्सेदाका', म्हणजे नीतिमत्त्व, ठरेल. ख्रिस्तापूर्वी यहुद्यांनी हे ग्रीकमध्ये आणलं, तेव्हा इथं शब्द घातला 'एलेएमोसिने': दयाळूपणा! आणि लगेच पुढचाच नियम काय? मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या.

ही जोडी तोडायचा प्रयत्न केला मार्कियननं, दुसऱ्या शतकात, रोममध्ये. जुन्या कराराचा देव नुसता न्यायी, येशूचा पिता वेगळा, तो दयाळू. म्हणजे देवच दोन. इ.स. 144 च्या सुमारास तिथल्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. त्यानं दिलेली दोन लाख सेस्टर्सची देणगीही परत केली, असं तर्तुलियन सांगतो. (देणगी परत करणारी संस्था आज शोधावी लागेल.) मार्कियनच्या शास्त्रात उरलं काटछाट केलेलं लूक आणि पौलाची दहा पत्रं. मत्तय त्यात नाही. म्हणजे हा द्राक्षमळाही नाही.