घरातील रोप आणि राज्याची दृष्टी : गांजाच्या गृहलागवडीतील नव्या पद्धतींचा इतिहास

१

शेतीच्या इतिहासात एखादी नवी पद्धत रूढ झालेली दिसली म्हणजे तिचे कारण अभ्यासक सामान्यतः जमीन, पाणी, मजुरी किंवा बाजारभाव यांत शोधतात. आणि बहुतेक पिकांच्या बाबतीत ते तेथे सापडतेही. मोटेच्या जागी तेलाचे एंजिन का आले, हे सांगण्यास विहिरीची खोली आणि बैलांचा खर्च एवढ्या गोष्टी पुरेशा होतात. गांजाच्या झाडाचा इतिहास मात्र या रीतीने उलगडत नाही. हे झाड मुळात फारसे लाड करून घेणारे नाही. हिमालयाच्या पायथ्याशी ते उकिरड्यांवर आणि पडीक जागी आपोआप उगवते. असे असता विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीस वर्षांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हेच झाड तळघरांत आणि माळ्यांवर गेले. सूर्याऐवजी विजेच्या दिव्याखाली वाढू लागले. त्याची मुळे मातीऐवजी क्षारमिश्रित पाण्यात सोडली जाऊ लागली. हा खर्चिक खटाटोप झाडाच्या गरजेतून उद्भवलेला नव्हता, हे उघड आहे. मग तो कशातून उद्भवला?

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, गांजाच्या गृहलागवडीतील नव्या पद्धती या प्रामुख्याने राज्याच्या नव्या पाहणीपद्धतींना दिलेली उत्तरे होत. या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ येथे दोन प्रकारच्या साधनांचा विचार केला आहे : पहिले, इ. स. १८९३-९४ च्या भारतीय गांजा-चौकशी आयोगाचा अहवाल व त्याच्या आगेमागे तयार झालेले सरकारी वृत्तान्त. आणि दुसरे, १९८६ ते २००५ या काळातील अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय.

२

ब्रिटिश पार्लमेंटात मार्च १८९३ मध्ये विचारल्या गेलेल्या एका प्रश्नावरून हिंदुस्थान सरकारने जुलै १८९३ मध्ये हा आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सभासदांत मुंबई इलाख्यातील पंचमहालचे कलेक्टर ऑमॅनी, रसायनशास्त्राचे अध्यापक वॉर्डन, आणि ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय यांच्यासारखे तीन हिंदी गृहस्थ यांचा समावेश होता. आयोगाने एक हजार एकशे त्र्याण्णव साक्षी नोंदविल्या. माफक सेवनापासून घडणारी हानी नगण्य आहे, आणि सरसकट बंदी ही आवश्यकही नाही व इष्टही नाही, हा त्याचा निष्कर्ष बहुश्रुत आहे. परंतु त्याच अहवालातील दुसऱ्या एका शिफारशीकडे अभ्यासकांचे तितकेसे लक्ष गेलेले नाही. ती अशी की, परवान्यावाचून लागवडीस मनाई करावी आणि परवान्याची लागवड ठराविक प्रदेशात एकवटावी.

या शिफारशीचा नमुना बंगालमध्ये तयार होताच. तेथे गांजाची लागवड राजशाही जिल्ह्यातील नौगाव आणि त्यालगतच्या थोड्या मुलखापुरती मर्यादित केलेली होती. या मुलखाला ‘गांजा महाल’ असेच नाव पडले होते. मध्य प्रांतात निमाड जिल्ह्यातील खांडवा हे असेच केंद्र होते. आपल्याकडे अहमदनगर व सातारा या तत्कालीन जिल्ह्यांत गांजाची शेती होत असे. एकत्रित शेतावर देखरेख ठेवता येते, माल गुदामात साठविता येतो, आणि गुदामाच्या दारात जकात वसूल करता येते. ज्याच्यापुढे अबकारी खाते हतबल होते ते घराच्या परसातले एक-दोन रोपांचे पीक होय. कारण त्याला ना गुदाम, ना दुकान. म्हणजे परसातील रोप हे नीतीच्या प्रश्नाआधी महसुलाचा प्रश्न म्हणून राज्याच्या नजरेत आले, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

या शेतांत एक विशेष विद्या प्रचलित होती. गांजाची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. नर झाडाचे पराग मादी फुलांवर पडले की बी धरते आणि राळयुक्त तुऱ्यांचा कस उतरतो. म्हणून नर झाडे फुलण्यापूर्वीच ओळखून काढून टाकावी लागत. हे काम सर्वांना जमत नसे. नौगावकडे त्यासाठी ‘पोद्दार’ अथवा ‘परखदार’ नावाचा जाणकार माणूस मजुरीने लावीत. तो शेतातून फिरत प्रत्येक झाड पारखी. हेमचंद्र केर यांच्या १८७७ च्या आणि डेव्हिड प्रेन यांच्या १८९३ च्या अहवालांत बंगालमधील या लागवडीचे तपशीलवार वर्णन आहे. मराठी वाचकाला या शब्दाची ओळख वेगळ्या संदर्भात आहे : खऱ्या-खोट्या नाण्याची पारख करणारा आपल्याकडील पोतदार तो हाच. नाण्याच्या पारखीचा शब्द झाडाच्या पारखीला लागावा, यावरून या कौशल्याची प्रतिष्ठा दिसते.

३

हा भारतीय तपशील येथे देण्याचे कारण असे की, साधारण आठ दशकांनंतर अमेरिकेत जी पहिली ‘नवी पद्धत’ गाजली ती तत्त्वतः हीच होती. तिला तेथे ‘सिन्सेमिया’ हे मेक्सिकोतील स्पॅनिश नाव मिळाले; त्याचा शब्दशः अर्थ ‘बीविरहित’ असा आहे. अमेरिकन उत्पादकांनी नौगावचे वृत्तान्त वाचून ती उचलली, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनाही ही विद्या अवगत होती. मुद्दा एवढाच की झाड समजून घेण्याच्या बाबतीत नवे असे फारसे काही नव्हते. नवी होती ती परिस्थिती.

ती परिस्थिती थोडक्यात अशी. १९३७ च्या करविषयक कायद्याने अमेरिकेत गांजावर प्रथम संघराज्याचे नियंत्रण आले, आणि १९७० च्या नियंत्रित द्रव्यांच्या कायद्याने त्याला अत्यंत कडक वर्गात टाकले. तोपर्यंत बहुतेक माल मेक्सिकोतून येत असे. सप्टेंबर १९६९ मध्ये निक्सन सरकारने ‘ऑपरेशन इंटरसेप्ट’ या नावाने सीमेवर सुमारे तीन आठवडे वाहनांची कसून झडती घेतली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोतील शेतांवर अमेरिकेच्या साहाय्याने पॅराक्वाट हे तणनाशक फवारले गेले, आणि १९७८ मध्ये त्याच्या अंशाबद्दल ग्राहकांत मोठी घबराट पसरली. बाहेरचा माल दुर्मीळ आणि संशयास्पद झाल्यावर परसात पेरणे हा सहज सुचणारा मार्ग होता.

परंतु मेक्सिकोतील माल ज्या बियांचा होता त्या उष्ण मुलखातल्या असल्यामुळे त्यांच्या झाडांना फुले येण्यापूर्वीच उत्तरेकडील हिवाळा गाठी. अफगाणिस्तान व हिंदुकुश भागातील बुटक्या आणि लवकर तयार होणाऱ्या वाणांचे बी प्रवाशांनी नेल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली. दोन्ही वाणांच्या संकरातून जी नवी वाणे निघाली, त्यांचा व्यापार १९८० च्या दशकात नेदरलँड्समधून टपालाने होऊ लागला. येथवरचा इतिहास हा अजून शेतीचाच इतिहास आहे. हवामान, वाण आणि बियाणे यांची परिचित कारणे त्याला पुरतात.

४

पुढची पायरी मात्र तशी नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात गांजाची लागवड नष्ट करण्याची संयुक्त मोहीम सुरू झाली आणि हेलिकॉप्टरे डोंगराळ भागावरून फिरू लागली. उघड्यावरचे झाड आकाशातून दिसते, म्हणून झाड छपराखाली गेले. छपराखाली सूर्य नाही, म्हणून दिवे आले. या कामी जे ज्ञान उपयोगी पडले ते सगळे सार्वजनिक आणि प्रतिष्ठित होते. दिवसाच्या लांबीवर वनस्पतीचे फुलणे अवलंबून असते, हा शोध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शेतीखात्यातील शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून प्रसिद्ध केला होता. मातीवाचून क्षारद्रावणात पीक वाढविण्याच्या तंत्राला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी १९३० च्या दशकात दिले. उच्च दाबाचे सोडियम दिवे रस्ते उजळण्यासाठी तयार झाले होते. सरकारी प्रयोगशाळा, विद्यापीठ आणि नगरपालिका यांनी सिद्ध केलेली ही साधने बंद खोलीत एकत्र आली, आणि दिवसरात्रीचे मान माणसाच्या हाती येऊन ऋतूंचे बंधन सुटले.

राज्याने आपली पाहणी बदलताच पद्धतीही बदलली, याचे प्रमाण पुढील दोन घटनांत आहे. १९८८ च्या दुरुस्तीने शंभर किंवा अधिक रोपे सापडल्यास, त्यांचे वजन काहीही असो, किमान पाच वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. ज्या कायद्यात रोपे मोजली जातात, त्याच्या छायेत वावरणाऱ्या उत्पादकाला रोपांची संख्या हाही पद्धतीचा एक घटक मानावा लागतो. पुढे २६ ऑक्टोबर १९८९ रोजी ‘ऑपरेशन ग्रीन मर्चंट’ या मोहिमेत शेहेचाळीस राज्यांत छापे घालण्यात आले. त्यांचा रोख बागकामाचे दिवे व उपकरणे विकणाऱ्या दुकानांवर आणि त्यांच्या गिऱ्हाइकांवर होता. झाड दिसेनासे झाल्यावर राज्याने झाडाची अवजारे पाहण्यास सुरुवात केली.

५

या परस्परसंबंधाचा सर्वांत स्पष्ट आलेख न्यायालयाच्या तीन निर्णयांत आढळतो. सिराओलो खटल्यात (१९८६) कॅलिफोर्नियातील एका गृहस्थाने परसाभोवती सहा फुटांचे एक आणि त्याच्या आत दहा फुटांचे दुसरे कुंपण घातले होते. पोलिसांनी हजार फुटांवरून विमानातून पाहिले. आकाशातून कोणालाही दिसू शकेल ते पाहण्यास वॉरंट लागत नाही, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. रायली खटल्यात (१९८९) फ्लॉरिडातील काचघराच्या छपराचे दोन पत्रे निघालेले होते. चारशे फुटांवरून हेलिकॉप्टरमधून त्या फटीतून पाहणे वैध ठरले. म्हणजे कुंपण पुरले नाही, आणि फट राहिलेले छप्परही पुरले नाही.

यानंतर कायलो खटल्याचे कथानक घडते. जानेवारी १९९२ मध्ये ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या गावी पोलिसांनी रस्त्यावरील मोटारीत बसून एका घरावर उष्णतादर्शक यंत्र रोखले. घराच्या एका भिंतीतून व छपरातून शेजारच्या घरांपेक्षा अधिक उष्णता बाहेर पडत असल्याचे दिसले. ही माहिती, विजेची देयके आणि खबऱ्यांच्या बातम्या यांच्या आधारे वॉरंट मिळविण्यात आले, आणि आत शंभरांहून अधिक रोपे सापडली. सर्वोच्च न्यायालयाने जून २००१ मध्ये, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, ही पाहणी म्हणजे झडतीच होय असे ठरविले. सर्वसामान्य वापरात नसलेल्या यंत्राने, एरवी घरात शिरल्यावाचून कळले नसते असे काही जाणून घेणे, हे वॉरंटावाचून गैर आहे, असे न्यायमूर्ती स्कालिया यांनी बहुमताच्या वतीने प्रतिपादिले. घराची भिंत ही कायद्याची सीमा कोठवर आहे, हा अमेरिकन नागरिकत्वाचा मूलभूत प्रश्न अशा रीतीने एका दिव्याच्या उष्णतेवरून निकालात निघाला.

मात्र या निर्णयाने घरातील रोप मुक्त झाले, असे समजणे चूक ठरेल. २००५ च्या रेच खटल्यात कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार औषधासाठी घरी लावलेल्या सहा रोपांचा प्रश्न होता. घरापुरते पिकविलेले पीकही राष्ट्रीय बाजारावर परिणाम करते, म्हणून संघराज्याला त्यावर अधिकार आहे, असा निर्णय सहा विरुद्ध तीन मतांनी झाला. त्याला आधार होता तो १९४२ च्या, घरच्या वापरासाठी जादा गहू पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या खटल्याचा. परसातले रोप बाजाराच्या हिशेबातून निसटते, ही १८९४ मधील चिंता येथे वेगळ्या भाषेत पुन्हा उभी राहिलेली दिसते.

६

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. नव्या पद्धती केवळ लपण्यासाठी होत्या, तर बंदी उठल्यावर झाड पुन्हा उन्हात यावयास हवे होते. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने २०२४ मध्ये मर्यादित संख्येने घरी रोपे लावण्यास अनुमती दिली. तरीही बंद खोल्यांतील दिवे विझले नाहीत. याचे उत्तर असे की, पद्धतीचे मूळ कारण आणि तिच्या टिकण्याचे कारण ही एकच असावी लागत नाहीत. लपण्याच्या गरजेतून निर्माण झालेल्या खोलीने बारमाही आणि एकसारखा माल दिला. ग्राहकाची आवड तिच्याप्रमाणे घडली. वाणेही तिच्यासाठीच निवडली गेली. त्याची किंमतही समाज देत आला आहे. अमेरिकेतील एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज या बंद लागवडीत खर्च होते, असा अंदाज इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये मांडला होता. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाच्या झाडाची परवान्याशिवायची लागवड हा गुन्हा आहे. येथे हा प्रश्न या रूपात उपस्थित झालेला नाही.

शेवटी साधनांविषयी. न्यायालयीन कागदपत्रांत आपल्याला भेटतात ते पकडले गेलेले प्रयोगकर्ते. ज्यांचा प्रयोग यशस्वी झाला त्यांनी स्वाभाविकपणेच कागद मागे ठेवला नाही. पोलिसी आकडे मोहिमेचे यश दाखविण्यासाठी जमविलेले असतात, तर उत्पादकांच्या मार्गदर्शिका मताच्या प्रचारासाठी लिहिलेल्या असतात. नौगावच्या पोद्दाराचीही हीच गत आहे. त्याचे कौशल्य अबकारी अहवालात नोंदले गेले ते त्या कौशल्यापासून सरकारला महसूल मिळत होता म्हणून. त्याचे स्वतःचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही. गांजाच्या लागवडीचे ज्ञान दोन्ही देशांत पुष्कळ अंशी कर घेणाऱ्याच्या किंवा शिक्षा करणाऱ्याच्या हातून आपल्यापर्यंत आले आहे. या विषयाच्या पुढील अभ्यासकाने नौगाव, खांडवा व अहमदनगर येथील महसुली दप्तरांकडे वळताना प्रत्येक नोंदीबाबत, ती कोणी व कशासाठी केली, हा प्रश्न प्रथम विचारावा. त्या दप्तरांतील मजुरीच्या खात्यांवरून पोद्दाराचे गाव, मोबदला आणि कामाचे दिवस एवढे जरी निश्चित करता आले, तरी शेतीविद्येच्या इतिहासातील एक रिकामे पान भरून निघेल.