आहेर आणि सामायिक सूची

ग्रंथालयांच्या सामायिक सूचीचा विषय निघाला की चर्चा लगेच संगणकप्रणालीवर येते: कोणती घ्यावी, खर्च किती, देवनागरी ती कितपत पेलते. प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्यांनी अशा मुक्तस्रोत प्रणाली स्वतः घडविल्या त्यांचा इतिहास पाहिला, तर परीक्षणाचे निकष आम्हांस काहीसे निराळे दिसतात.

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणकव्यवस्था २००० साल उजाडताच तारखांचा घोळ घालणार, हे १९९९ साली स्पष्ट झाले होते. बाजारातील प्रणाली लहान संस्थेच्या गरजांपेक्षा मोठ्या होत्या आणि महागही. ट्रस्टने काटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहवून घेतली. ३ जानेवारी २००० रोजी ती कामास लागली. पुढे तिचा स्रोत सर्वांस खुला झाला. नाव ठेवले 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, परंतु परतफेड गृहीत धरून दिलेली, आपल्या आहेरासारखीच. आहेर फिटलाही. ग्रंथनोंदींच्या 'मार्क' या आंतरराष्ट्रीय साच्याची सोय कोहात यावी म्हणून अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नेल्सनव्हिल ग्रंथालयाने पैसा पुरविला. पुढे २०११ साली या नावावरच न्यूझीलंडमध्ये एका अमेरिकन कंपनीशी व्यापारचिन्हाचा वाद उद्भवला. स्रोत मुक्त असला तरी नाव कोणाचे, हा प्रश्न उरतोच, हे तेव्हा ध्यानी आले.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची कथा वेगळी. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांचा 'पाइन्स' हा संघही १९९९ साली, त्याच तारखांच्या धास्तीतून उभा राहिला. राज्यभर एकच वाचकपत्र, एकच सूची. एका गावी घेतलेले पुस्तक दुसऱ्या गावी परत करता येई. विकत घेतलेली प्रणाली हा भार नीट पेलत नाही असे दिसल्यावर २००४ साली राज्याच्या ग्रंथालयसेवेने स्वतःची प्रणाली लिहिण्याचे ठरविले. सप्टेंबर २००६ मध्ये, कामगारदिनाच्या जोडसुट्टीनंतर, सुमारे अडीचशे ग्रंथालये 'एव्हरग्रीन'वर आली. तिचा स्रोतही खुला होता. लवकरच कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने ती स्वीकारली.

आमच्या मते यातील महत्त्वाची गोष्ट कालक्रमात आहे. पाइन्समध्ये एकत्र नांदण्याचे करार आधी झाले, आज्ञावली मागाहून आली. देवघेवीचे नियम सभासद ग्रंथालयांच्या संचालकांनी बसून ठरविले होते. प्रणालीने ते राबविले. कोहा एका संस्थेच्या गरजेतून जन्मली आणि मागाहून वाढत गेली. एव्हरग्रीन मात्र पहिल्या दिवसापासून अनेकांच्या संसारासाठी रचलेली होती.

आपल्याकडे हे करार अवघड का, याचे उत्तर जुन्या कार्डांत मिळते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोलाविलेल्या विल्यम बोर्डेन यांनी बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयासाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धती रचली. ती त्या संग्रहास शोभली. पण घरची पद्धती जितकी नेटकी, तितके तिचे क्रमांक शेजाऱ्याशी जुळविणे कठीण. मराठी ग्रंथकारांचे तर विचारूच नये. राम गणेश गडकरी नाटकांवर गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज आणि विनोदी लेखांवर बाळकराम. एका सूचीत तिन्ही नावे एकमेकांकडे बोट दाखविणार नसतील, तर वाचकास एकतृतीयांश गडकरीच हाती लागतील. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे 'नांव' आणि 'कांहीं'. मुखपृष्ठावर अनुस्वार, शोधणाऱ्याच्या मनात नाही. यंत्राला ते दोन भिन्न शब्द.

प्रणाली पाहावयास बसताना म्हणूनच आम्ही प्रथम गडकऱ्यांची तिन्ही नावे तिच्यात घालून पाहू, मग अनुस्वारासह व अनुस्वाराविना एकच शब्द शोधू. आणि नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार इंदूरला, बेळगावला की हैदराबादला, हे त्याआधी कागदावर लिहून घेऊ.