जुन्या लॅपटॉपवर कोडिंगचा सराव
अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात कोडिंग शिकणाऱ्या मुलाच्या घरी एकच कॉम्प्युटर असेल, तर सरावात तो बिघडला की सगळ्यांचंच काम अडतं. म्हणून कपाटात पडून असलेला जुना लॅपटॉप काढा. त्यात लिनक्स टाकून डॉकर बसवा; डॉकर इंजिन हे २०१३ साली आलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. इमेज एकदा डाउनलोड झाली की प्रत्येक सरावासाठी वेगळा कंटेनर काही सेकंदांत उभा राहतो. सगळे कंटेनर एकच कर्नल वापरतात, त्यामुळे व्हर्च्युअल मशीनपेक्षा मेमरी कमी लागते. बिघडला? पुसा, नवा काढा. पण कंटेनरसोबत आतला कोडही जातो; आम्ही हे हात पोळूनच शिकलो. फाइली बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर कंटेनरला जोडा. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर लाइट गेली तरी काम थांबत नाही. राउटरचे पोर्ट मात्र बाहेरच्यांसाठी उघडू नका.